म्हातारं झाल्यासारखं नेमकं कशामुळे वाटतं? हाताला अजून येणाऱ्या जुन्या युक्त्या, कारणासकट

फिरतीचकती (धागाकर्ता)

वॉकमन १९७९ मध्ये आला, आयपॉड २००१ मध्ये. मधे २२ वर्षं. आयपॉडच्या पुढे तेवढीच वर्षं मोजली की २०२३ येतं. म्हणजे ज्याला आपण अजून 'नव्यातलं' समजतो ते यंत्र केव्हाच वॉकमनच्या रांगेत जाऊन बसलं. हे गणित मांडलं की वय जाणवतंच, पण माझ्या मते खरी बोच त्यात नाही. वस्तू जुन्या होणारच. त्या वस्तूंसाठी हात जे शिकले ते कोणाला सांगायची वेळच येत नाही, हे जास्त लागतं. सेव्हच्या चित्रातली फ्लॉपी सगळे ओळखतात. तिच्या कोपऱ्यातली सरकती खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे विचारणारं कोणी उरलं नाही.

तेव्हा या धाग्यावर नुसतं 'आमच्या वेळी' नको. हाताला येणारी एखादी गोष्ट घ्या, ती कशी करायची आणि तशीच का, ते लिहा. गाणी, गेम, रिंगटोन, सगळं चालेल.

माझ्याकडून कॅसेट. फीत बाहेर आली की आधी पीळ सोडवायचा. पिळासकट गुंडाळली तर पुढे हेडवर (मशीनमधला फीत वाचणारा भाग) फितीची उलटी बाजू येते आणि आवाज एकदम दबतो. मग षटकोनी पेन्सिल चकतीच्या भोकात घालायची. भोकाला आतून सहा दाते असतात, पेन्सिलीचे कोपरे त्यांत बरोबर अडकतात. गोल पेन्सिल घसरते. दुसरी चकती बोटाने अलगद अडवून हळूहळू फिरवायचं, म्हणजे फीत सैल राहत नाही. शेवटी मशीनमध्ये एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे-मागे पळवायची. पेन्सिलीचा ताण कधीच एकसारखा नसतो, तो या फेरीत सारखा होतो.

टिकटिक

वाचनखूण साठवली. फ्लॉपीचं उत्तर: ३.५ इंची फ्लॉपीची खिडकी उघडी असेल, म्हणजे भोकातून आरपार दिसत असेल, तर लिहिता येत नाही. बंद असेल तर येतं. ५.२५ इंचीचं बरोबर उलटं होतं: कडेची खाच मोकळी असेल तर लिहिता येतं, चिकटपट्टीने झाकली की येत नाही. दोन्ही एकाच टेबलावर वापरणाऱ्यांचा गोंधळ उगाच नव्हता होत.

काळीफीत

कॅसेटच्या मिनिटांवरून फितीची जाडी कळते, हे कोणी सांगत नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण १६ ते १८ मायक्रॉन, ९० वालीची १२ आणि १२० वालीची ९ च्या आसपास. कवच तेवढंच, मग जास्त मिनिटं बसवायला फीत पातळ करण्यावाचून गत्यंतर नाही. १२० वाली मशीनमध्ये गुंतायची ती यामुळे: ताणली जाते, सुरकुतते, पिंच रोलरला (फीत पुढे ओढणारं रबरी चाक) गुंडाळते. शिवाय फीत पातळ असली की एका वेढ्याचं ध्वनिमुद्रण शेजारच्या वेढ्यावर उमटतं आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. जपून ठेवायचं काही असेल तर ६० किंवा ९०, त्यापुढे नाहीच.

तुटलेली फीत जोडायला साधी चिकटपट्टी कधीही वापरू नका. तिचा चीक कडेने बाहेर येतो, शेजारच्या वेढ्याला चिकटतो आणि हेडवर साचतो. फितीसाठी मिळणारी जोडपट्टीच हवी. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत कापायची, उलगडून टोकाला टोक भिडवायचं आणि पट्टी मागच्या बाजूला, म्हणजे हेडला न लागणाऱ्या अंगाला लावायची. तिरका काप अशासाठी की जोड हेडसमोरून हळूहळू सरकतो. सरळ कापला तर 'टक्' ऐकू येतं.

मध्यरात्र

मला वय जाणवतं ते मोडेमच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्राच्या, आवाजाने. त्या आवाजाला लोक 'कर्कश' म्हणून हसतात, पण त्यातला प्रत्येक टप्पा कामाचा होता. टेलिफोनची तार ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज धड नेते. सगळा व्यवहार तेवढ्या अरुंद पट्ट्यात करायचा, म्हणून दोन्ही मोडेम आधी एकमेकांशी बोलून घेत. सुरुवातीचा २१०० हर्ट्झचा सूर वाटेतली प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा बंद पाडायला असे. पुढची खरखर म्हणजे तारेची परीक्षा: कुठला भाग स्वच्छ येतो, कुठे आवाज खचतो. कानाला सवय असली की फक्त ऐकून कळे, जोडणी सेकंदाला ५६ किलोबिटला लागणार की ३३.६ वर अडकणार.

हाताची कामं, म्हणजे मोडेमला टाइप करून द्यायच्या आज्ञा: एटीडीटी म्हणजे टोनने नंबर फिरव, एटीडीपी म्हणजे पल्सने. नंबरात स्वल्पविराम टाकला की मोडेम २ सेकंद थांबे. बाहेरच्या लाइनसाठी ९ फिरवायचा असेल तर ९ नंतर स्वल्पविराम लागायचाच, नाहीतर टोन यायच्या आत पुढचे आकडे निघून जात. एटीएम आणि शून्य दिलं की स्पीकर गप्प, म्हणजे घरातले जागे होत नाहीत. कॉल वेटिंग आधी बंद केलं नाही तर मधेच येणारी बीप जोडणी तोडून टाके.

४ एमबीचं गाणं, वेग सेकंदाला ५ केबी: १४ मिनिटांना जरा कमी. पण कोणी फोन उचलला की शून्यापासून. तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणारा प्रोग्राम सगळ्यात आधी टाकावा लागे तो याच कारणाने, आणि पलीकडच्या सर्व्हरला ती सोय नसेल तर त्याचाही उपयोग नव्हता.

पडघम

+१. फक्त '५६' हा आकडा येणाऱ्या माहितीचा. व्ही.९० या ५६ च्या मोडेमच्या मानकात जाणाऱ्या माहितीची मर्यादा ३३.६ च होती. फोटो पाठवायला लागणारा वेळ त्यामुळे आणायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त.

निळीशाई

धाग्याचा सूर आवडला, पण एक मतभेद. हात विसरतील याचं दुःख आहेच, पण ज्यासाठी ते शिकले ती गाणी यंत्रांनीच घडवली, हे निसटू नये. गाणं तीन मिनिटांचं का? १० इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तेवढंच मावे. तबकडी गेली, सवय राहिली. पुढे ३३⅓ फेऱ्यांची एलपी आली, एका बाजूला सुमारे २२ मिनिटं. तिचा फिरण्याचा वेग ठरलेला, पण खोबणीची लांबी आत जाताना घटते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंमीच्या आसपास खोबणी जाते, आतल्या कडेला २० च्या आसपास. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. मग तारसप्तकातला आवाज आणि झांजा आतल्या कडेला फाटतात. म्हणून दणदणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटी टाकण्याकडे कल असायचा. गाण्यांचा क्रम नुसता आवडीचा मामला नव्हता.

आता तोच अल्बम कसाही उलटसुलट वाजतो. ज्यांना 'पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं' म्हणजे काय ते कळतं आणि ज्यांना नाही, त्यांच्यात मला पिढीची रेघ दिसते.

सुईदोरा

निळीशाई, सुंदर. यात मिक्स टेपची (आवडीची गाणी निवडून स्वतः भरलेली कॅसेट) भर घालते, कारण ते अख्खं शास्त्र होतं आणि कुठे लिहिलेलं सापडत नाही.

कोरी ९० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. गाण्यांचे वेळ मिनिट-सेकंदांत मांडून बेरीज ४४ च्या आत बसवायची. शेवटचं गाणं मधे तुटलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला सुमारे ५ सेकंदांची पारदर्शक किंवा रंगीत फीत असते, तिच्यावर काहीच नोंदत नाही. ती पेन्सिलीने पुढे घेऊन मगच सुरुवात करायची. आधी पॉज, मग रेकॉर्ड आणि प्ले एकत्र दाबायचं, सगळ्यात मोठ्या आवाजाचा तुकडा लावून पातळी ठरवायची. साध्या फितीला पातळी दाखवणारा काटा शून्याच्या किंचित वर जाऊ द्यावा. फार खाली ठेवला तर फितीची सळसळ वर येते, फार वर गेला तर आवाज फाटतो. गाणं पुन्हा सुरुवातीला आणून पॉज सोडायचा. दोन गाण्यांत ४ सेकंदांची शांतता हवी, कारण पुढचं गाणं शोधणारी मशीन शांततेवरूनच शोधतात. एका सेकंदाची फट त्यांना दिसत नाही.

डॉल्बी बी (फितीची सळसळ कमी करणारी सोय) लावून भरलं असेल तर कॅसेटवर तसं लिहा. ते लावून भरलेलं त्याशिवाय वाजवलं तर चिरकं लागतं आणि उलट केलं तर बुळबुळीत.

खडखडाट

सगळं मान्य, पण साध्या कॅसेटचा आवाज वाईटच होता हेही म्हणू या की. सेकंदाला ४.७६ सेंमी वेग, फितीची रुंदी ३.८१ मिमी आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक. १९६३ मध्ये हा आकार आला तो मुख्यतः बोलणं टिपून घ्यायला. सीडी आल्यावर फरक सगळ्यांनाच ऐकू आला. माझ्या लेखी हा धागा कॅसेटवर अडकू नये.

गेमच्या कार्ट्रिजचं (यंत्रात खोचायची गेमची डबी) घ्या. फुंकर मारली की चालू होतं, ही समजूत जगभर आहे आणि चुकीची आहे. काम व्हायचं ते काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतली वाफ तांब्याच्या पट्ट्यांना गंजवते. योग्य रीत अशी: ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापूस गुंडाळलेल्या काडीला लावून पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसायच्या, कोरड्या काडीने टिपायच्या आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचं. काडी काळी यायची थांबेपर्यंत.

ज्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवता येई त्यांत आतल्या मेमरीला बहुधा सीआर२०३२ सारखा बटणसेल लागे. तो संपला की गेम चालतो, साठवलेलं जातं. सेल बदलताना साध्या सेलवर थेट डाख देऊ नका, उष्णतेने तो फुटू शकतो. आधीच पट्ट्या जोडलेला सेल घ्या. आणि सेल काढताक्षणी मेमरी पुसली जाते, तेव्हा आधी साठवलेलं उतरवून घ्यायचं यंत्र वापरा.

टिकटिक

आणि पडद्यावर नेम धरायची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही, हेही लिहून ठेवू. ती उजेड टिपते. जुन्या नळीच्या टीव्हीत किरण ओळीने पडदा रंगवत जाई. घोडा दाबला की गेम पडदा काळा करून लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन दाखवे आणि त्याच क्षणी उजेड आला का ते बघे. सपाट पडदा चित्र थोडं उशिरा दाखवतो, तेवढ्यात तो क्षण गेलेला असतो. बंदूक बिघडलेली नसते.

नळीचा टीव्ही मात्र घरी उघडू नका. रंगीत नळीला २५,००० व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही भार शिल्लक राहू शकतो.

अक्षरजुळणी

माझ्या मते सगळ्यात मोठी पडझड आपल्याच लिपीत झाली आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचं सामाईक संगणकी मानक, रुळायच्या आधीच्या मराठी फायली आता उघडल्या की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते: काना एका जागी, अर्धा त दुसऱ्या, रफार तिसऱ्या. फाँट नसला की नुसत्या जागा दिसतात. आणि प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ मध्ये होतं, युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण छपाईच्या धंद्यात चालत राहिले ते हे फाँटच.

सोडवायची पद्धत:

आधी मूळ फाइलची नक्कल करा, मुळाला हात नको. फाइलमध्ये फाँटचं नाव असतं ते बघा, तो फाँट टाका आणि मजकूर नीट दिसतोय ना ते तपासा. दिसला की लगेच फाँट आत बसवलेली पीडीएफ काढा. पुढे शंका आली की ताडून बघायला तीच उपयोगी पडते. मग त्याच फाँटसाठी केलेला परिवर्तक (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) वापरा. जवळपासच्या नावाचा चालत नाही.

रूपांतर झाल्यावर चार ठिकाणी हमखास चुका राहतात. पहिली चूक ऱ्हस्व वेलांटीची: जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये नंतर असते, त्यामुळे जोडाक्षरावर ती चुकीच्या अक्षराला चिकटते ('स्थिती' बघा). रफार उलटा: पूर्वी अक्षराच्या नंतर टाइप होई, आता आधी हवा ('सर्व', 'कार्य'). ऱ्य-ऱ्ह: 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. आणि मजकुरात मधेच आलेले खरे इंग्रजी शब्द, त्यांचाही परिवर्तक देवनागरी कचरा करतो. हे चार शब्द शोधून बघितले की परिवर्तक किती भरवशाचा ते पाच मिनिटांत कळतं.

मध्यरात्र

दंडवत. या एका प्रतिसादासाठी धागा वर राहिला पाहिजे.

पडघम

लिपीवरून एसएमएस. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ चा. एका संदेशाला जागा १४० बाइट. रोमन अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी आलं की प्रत्येक खुणेला १६ बिट, म्हणून ७०. आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात: 'स्त्री' दिसायला एक अक्षर, मोजायला सहा खुणा. लांब संदेशाचे तुकडे झाले की जोडणीची माहितीही त्यातच मावावी लागते, मग तुकड्याला १५३ किंवा ६७ च उरतात. रोमन लिपीत मराठी लिहायची सवय पडली त्याला हा हिशेबही कारण आहे. लोकांना मातृभाषेचा आळस होता असं सरसकट म्हणणं अन्याय्य आहे.

निळीशाई

सहा? स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई. बरोबर. वेलांटी धरून सहाच.

खडखडाट

अवांतर: फिरवायच्या फोनवर शून्याला सगळ्यात जास्त वेळ का? तबकडी परत जाताना आकड्याइतके ठोके जातात, सेकंदाला १०, आणि शून्याचे १०. म्हणून परतताना बोटाने तबकडी ढकलायची नाही, ठोक्यांचं अंतर बिघडतं आणि भलताच नंबर लागतो. आता बऱ्याच लाइन ठोके ओळखतच नाहीत. जुना फोन वापरायचा असेल तर मधे ठोक्यांचे टोन करणारा परिवर्तक लागतो.

काळीफीत

मूळ प्रश्नाकडे येतो. धागाकर्ते म्हणतात की हातांचं ज्ञान कोणी विचारत नाही. माझं म्हणणं, ते आत्ता सगळ्यात जास्त लागणार आहे. फिती, फ्लॉप्या, घरी जाळलेल्या सीडी एकाच वेळी संपत चालल्या आहेत आणि यंत्रंही. सोनीने फ्लॉपी बनवणं २०११ मध्ये थांबवलं, व्हीएचएसचा शेवटचा मोठा उत्पादक फुनाई २०१६ मध्ये थांबला. त्यामुळे ज्यांना येतं त्यांनी हौस म्हणून नाही, काम म्हणून हे घ्यावं. मी हा क्रम सुचवेन:

व्हिडिओ कॅसेट आधी. खिडकीतून वेढ्यांच्या कडा बघा. पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही. एका कॅसेटची बुरशी हेडमार्गे पुढच्या सगळ्यांना लागते. स्वच्छ कॅसेट आधी पूर्ण पुढे-मागे पळवून घ्या. हेड पुसताना अल्कोहोलने ओलसर केलेला शॅमॉय (मऊ चामडं) तुकडा ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेडचं नाजूक टोक तुटतं आणि यंत्र तिथेच संपतं. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं चित्र ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चौकटी, एकाआड एक ओळींचं, जसंच्या तसं उतरवा. ओळी मिसळायचं काम नंतर नक्कलेवर. स्वस्त यूएसबी डबीने आवाज आणि चित्र पुढेमागे होत जातात, कारण फितीचा वेग डळमळला की चौकटी गळतात. मधे टाइम बेस करेक्टर (डळमळणारा वेळ सरळ करणारं यंत्र) लावला की ते थांबतं. चित्राच्या तळाला दिसणारी फाटकी पट्टी मात्र दोष नाही. तिथे हेड बदलतं, टीव्हीच्या चौकटीमागे ती पूर्वी झाकली जाई.

मग कॅसेट. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, फाइल आवळून लहान न करता साठवा, शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास. तासाला साधारण १ जीबी लागते. त्याआधी हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा फिरवून तीव्र स्वर सगळ्यात स्वच्छ कुठे येतात ते शोधा. मोनो करून ऐकलं तर तो बिंदू पटकन सापडतो. ही कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याच्या हेडचा कोन आपल्या मशीनशी जुळवण्याचं हे काम आहे. लोक हे टाळतात आणि नंतर संगणकावर तीव्र स्वर वाढवत बसतात; फितीवरून जे वाचलंच गेलं नाही ते वाढवून येत नाही.

टिकटिक

फ्लॉपी आणि सीडी मी पूर्ण करतो. फ्लॉपीचं धातूचं झाकण सरकवून चकतीवर गोल चरे किंवा डाग आहेत का बघा. खिडकी उघडी करा, म्हणजे चुकून लिहिलं जाणार नाही. एकेक फाइल कॉपी न करता आधी पूर्ण चकतीची प्रतिमा (एकाच फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल) घ्या, वाचता न आलेले भाग सोडून पुढे जाणाऱ्या आणि नंतर परत येणाऱ्या प्रोग्रामने. ८० ट्रॅक, १८ सेक्टर, २ बाजू, ५१२ बाइट: १४,७४,५६० बाइटची फाइल झाली पाहिजे. जुन्या मॅकच्या ८०० केबीच्या फ्लॉप्या यूएसबी ड्राइव्हमध्ये वाचत नाहीत, त्या चकतीचा वेग ट्रॅकांच्या गटांगणिक बदलून लिहिलेल्या असतात.

सीडीचा वरचा, छापील भाग जपा. चमकता थर त्या बाजूच्या वार्निशखाली लगेच असतो. खालून १ मिमीच्या वर प्लास्टिक आहे, तिथला चरा बऱ्याचदा पॉलिशने जातो. पुसताना मध्याकडून कडेला सरळ, गोल फिरवून नाही. दुरुस्तीची यंत्रणा सलग २.५ मिमीपर्यंतचं नुकसान भरून काढते; आडवा चरा तेवढ्यात मावतो, ट्रॅकच्या दिशेचा गोल चरा मावत नाही.

सुईदोरा

आणि ब्राउझरमध्ये चालणारे फ्लॅशचे गेम? ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश संपलं म्हणून लोक ते गेलेच असं धरून चालतात. गेमची एसडब्ल्यूएफ फाइल हाताशी असेल तर रफल नावाच्या मोफत प्रोग्रामात बरेचसे चालतात. फ्लॅशच्या जुन्या आज्ञावलीत लिहिलेले जास्त नीट चालतात, तिच्या नव्या तिसऱ्या आवृत्तीतल्यांना अडचण येऊ शकते. ज्यांच्या डिस्कवर अशा फायली पडून आहेत त्यांनी पुसू नयेत.

फिरतीचकती

काळीफीत, मान्य. माझं 'कोणी विचारत नाही' हे वाक्य मागे घेतो. अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद आणि शेवटचे हे दोन मी पहिल्या पोस्टच्या खाली जोडतोय. एक शंका: भरलेल्या कॅसेटची, चुकून पुसली जाऊ नये म्हणून मोडायची, खाच मोडलेली आहे, पण तीच कॅसेट पुन्हा भरायची आहे. चिकटपट्टी लावली तरी चालतं ना?

काळीफीत

चालतं, पण क्रोमच्या (साधीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या फितीच्या) कॅसेटला जपून. तिच्या मागच्या कडेला त्या भोकाला लागूनच दुसरी खाच असते, तिच्यावरून मशीनला फितीचा प्रकार कळतो. पट्टी रुंद लावली तर ती झाकली जाते आणि मशीन साधी फीत समजून चुकीच्या पातळीवर भरतं. पट्टी भोकापुरतीच कापा. ऐकायची बाजू आपल्याकडे करून धरली की तिचं भोक डावीकडे असतं. उतरवून घ्यायच्या कॅसेटना मात्र पट्टी लावूच नका.

सुईदोरा

आणि पट्टी लावायच्या आधी त्यावर काय आहे ते दोन्ही बाजू लावून ऐका. लेबल आणि आतलं गाणं जुळेलच असं नाही.